अलीकडे, तिथे, पलीकडे: फ्लोअर आणि सीलिंग एकाच आलेखात

राईस मिलमध्ये १३७ किलो तांदूळ आहे आणि पोतं २५ किलोचं. पूर्ण भरलेली पोती किती होतील? पाच. सगळा तांदूळ घरी न्यायचा तर रिकामी पोती किती आणायची? सहा. भागाकार दोन्ही वेळा तोच, १३७ भागिले २५ म्हणजे ५.४८. उत्तरं मात्र वेगळी, आणि दोन्ही बरोबर. पहिल्या उत्तराला गणितात फ्लोअर म्हणतात, दुसऱ्याला सीलिंग.

फ्लोअर पायाखालची फरशी, सीलिंग डोक्यावरचं छत. ⌊क्ष⌋ म्हणजे क्ष पेक्षा मोठा नसलेला सर्वांत मोठा पूर्णांक; ⌈क्ष⌉ म्हणजे क्ष पेक्षा लहान नसलेला सर्वांत लहान पूर्णांक. चिन्हं लक्षात ठेवायला सोपी आहेत: कंसाचे कान खाली वळले की फ्लोअर, वर वळले की सीलिंग. क्ष स्वतःच पूर्णांक असेल तर फरशी आणि छत एकाच जागी येतात. ⌊४⌋ पण ४ आणि ⌈४⌉ पण ४. पुढची सगळी गंमत आणि सगळ्या चुका याच एका गोष्टीतून निघतात.

महाराष्ट्र-कर्नाटक सीमाभागात दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकून पीयूसी (कर्नाटकातली अकरावी-बारावी) सायन्सला एकदम इंग्रजी पुस्तक हातात पडलेल्यांसाठी एक खुलासा. एनसीईआरटीच्या पुस्तकात हेच फ्लोअर ‘ग्रेटेस्ट इंटीजर फंक्शन’ या नावानं येतं आणि साध्या चौकोनी कंसात [क्ष] असं लिहिलेलं असतं. ही गणितज्ञ गाउसची पद्धत, १८०८ पासूनची. फ्लोअर आणि सीलिंग ही नावं आणि कान वळवलेले कंस १९६२ मध्ये केनेथ आयव्हर्सन यांनी आणले. चौकोनी कंस एरवी नुसता कंस म्हणूनही वापरतात. म्हणून दोन्ही क्रिया एका गणितात आल्या की नवीन चिन्हंच बरी.

ऋण संख्यांकडे वळताना विहीर डोळ्यांसमोर आणा. जमीन म्हणजे शून्य, खाली उतरताना −१, −२, −३ अशा पायऱ्या. तुम्ही −२.३ वर लोंबकळत असाल तर पायाखालची पायरी कोणती? −३. डोक्यावरची? −२. म्हणजे ⌊−२.३⌋ = −३ आणि ⌈−२.३⌉ = −२. ‘दशांश उडवून टाका’ हा शाळेतला झटपट नियम धन संख्यांना फ्लोअर देतो आणि ऋण संख्यांना सीलिंग. आलेखाची डावी बाजू चुकते ती बहुतेक वेळा याच नियमामुळे. फ्लोअर नेहमी खाली जातो, शून्याकडे नाही. यातूनच एक कामाचं सूत्र मिळतं: ⌈क्ष⌉ = −⌊−क्ष⌋. यंत्रात फ्लोअरच असेल आणि सीलिंग नसेल तर हेच वापरायचं.

आता एकेकट्याचे आलेख बघू. फ्लोअरची उंची क्ष = ० पासून १ च्या अलीकडेपर्यंत ०. नेमक्या १ वर ती १ होते आणि २ च्या अलीकडेपर्यंत तशीच राहते. म्हणून प्रत्येक पायरीचं डावं टोक भरीव ठिपका, उजवं टोक पोकळ. सीलिंगचं उलटं. शून्याच्या जरा पुढे गेलं की उंची १, ती १ धरून तिथपर्यंत. १ ओलांडला की २. डावं टोक पोकळ, उजवं भरीव. डावीकडून उजवीकडे चालत निघालात तर फ्लोअर पूर्णांकावर पोचताच चढतो, सीलिंग पूर्णांक सोडताच चढतं. पोचताच आणि सोडताच, हे दोन शब्द पाठ असले की भरीव-पोकळ पाठ करावं लागत नाही.

दोन्ही एका फलनात (फंक्शनमध्ये) आले की प्रत्येक पूर्णांकाजवळ एक नाही, दोन घटना घडतात: एक पोचताना, एक सोडताना. त्या दोन घटनांच्या मधे, एका बिंदूपुरता, आलेख तिसऱ्याच उंचीवर असू शकतो. म्हणून अशा आलेखात दर तुटीच्या जागी तीन किमती काढायच्या: अलीकडे, तिथे, पलीकडे. दोन काढून भागत नाही. परीक्षेत गेलेल्या बहुतेक मार्कांचं कारण मधली ‘तिथे’ न काढणं हेच असतं.

सर्वांत साधी जोडी: ⌈क्ष⌉ − ⌊क्ष⌋, म्हणजे लागणारी पोती वजा भरलेली पोती. तांदूळ नेमका १२५ किलो असेल तर पाच वजा पाच, शून्य. अर्धवट पोतं नाही. २५ च्या पटीत नसलेल्या कुठल्याही वजनाला उत्तर १. आलेखात उंची १ वर एक लांबलचक आडवी रेघ, प्रत्येक पूर्णांकावर तिला पोकळ भोक, आणि त्या भोकाच्या बरोबर खाली क्ष-अक्षावर एक भरीव ठिपका.

बेरीज जास्त बोलकी आहे. ⌊क्ष⌋ + ⌈क्ष⌉ घ्या आणि २ जवळ उभे राहा. अलीकडे, १.९ वर, १ + २ = ३. तिथे, २ + २ = ४. पलीकडे, २.१ वर, २ + ३ = ५. तीन, चार, पाच. मधला ४ हा कुठल्याच रेघेचा भाग नाही. तो दोन रेघांच्या मधे एकटा लटकतो. १ आणि २ च्या मधली रेघ उंची ३ वर, दोन्ही टोकं पोकळ. २ आणि ३ च्या मधली उंची ५ वर, तिचीही दोन्ही टोकं पोकळ. सगळे सुटे ठिपके य = २क्ष या तिरप्या रेषेवर बसतात, आणि सगळ्या आडव्या रेघांचे मध्यबिंदूही त्याच रेषेवर येतात. आलेख काढून झाला की पट्टी तिरपी लावून बघा. एखादा ठिपका बाजूला पडला तर तिथे बेरीज चुकलीय.

गुणाकार ⌊क्ष⌋ · ⌈क्ष⌉ मध्ये एक खाच आहे. पूर्णांक प वर किंमत प², आणि प ते प + १ च्या मधे प(प + १). म्हणजे १ वर १, मग २, मग २ वर ४, मग ६, ३ वर ९. पण ० ते १ च्या मधे ० गुणिले १ म्हणजे ०, आणि −१ ते ० च्या मधे −१ गुणिले ० म्हणजे परत ०. शून्यावरही ०. त्यामुळे −१ पासून १ पर्यंत, ती दोन टोकं सोडून, अखंड सपाट रेघ येते. शून्यावर तूट नाहीच. सवयीनं तिथे भोक पाडणारे बरेच असतात. आलेख य-अक्षाच्या दोन्ही बाजूंना सारखा आहे, कारण −क्ष घातला की फरशी आणि छत चिन्ह बदलून एकमेकांच्या जागा घेतात आणि गुणाकार तोच राहतो.

जरा अवघड फलन घेऊ आणि कागदावर काढू: फ(क्ष) = ⌊२क्ष⌋ − ⌈क्ष⌉.

आधी तुटीच्या जागा. कंसाच्या आत जे आहे ते पूर्णांक कधी होतं, एवढंच विचारायचं. २क्ष पूर्णांक होतो क्ष अर्ध्याच्या पटीत असताना: ०, ०.५, १, १.५. क्ष पूर्णांक होतो ०, १, २ वर. दोन्ही याद्या एकत्र करा: अर्ध्या-अर्ध्यावर तुटी, पण ०.५ आणि १.५ वर फक्त फ्लोअर हलतो, आणि ०, १, २ वर दोघंही हलतात. (⌈क्ष/३⌉ असतं तर तुटी ३ च्या पटीत आल्या असत्या. ⌊क्ष²⌋ असतं तर √२, √३ वर, म्हणजे उजवीकडे जाल तसतशा दाट.)

मग किमती. दोन तुटींच्या मधे किंमत बदलत नाही, म्हणून मधला कुठलाही एक सोयीचा आकडा पुरे:

क्ष = −०.२५ : −१ − ० = −१
क्ष = ० : ० − ० = ०
क्ष = ०.२५ : ० − १ = −१
क्ष = ०.५ : १ − १ = ०
क्ष = ०.७५ : १ − १ = ०
क्ष = १ : २ − १ = १
क्ष = १.२५ : २ − २ = ०
क्ष = १.५ : ३ − २ = १

शून्याजवळचे आकडे वाचा: अलीकडे −१, तिथे ०, पलीकडे परत −१. फ्लोअर पोचताच एक वर गेला आणि सीलिंग, वजा असल्यामुळे, सोडताच एक खाली आलं. मिळून काहीच बदललं नाही, फक्त त्या एका क्षणापुरती उडी दिसली. १ जवळही तसंच: ०, १, ०. अर्ध्यावर मात्र साधी फ्लोअरची पायरी. म्हणजे आलेखाची एक पायरी −०.५ (भरीव) पासून ०.५ (पोकळ) पर्यंत उंची −१ वर, तिच्या बरोबर मध्यावर भोक, आणि भोकाच्या एक एकक वर सुटा ठिपका. पुढची पायरी ०.५ पासून १.५ पर्यंत उंची ० वर, मध्यावर भोक, वर ठिपका. क्ष मध्ये १ मिळवला की किंमतही १ नं वाढते (⌊२क्ष⌋ दोननं वाढतो, ⌈क्ष⌉ एकानं), म्हणून एकच पायरी नीट काढली की बाकीच्या जिन्यासारख्या चढत जातात. ऋण बाजूचा हिशोब वेगळा करायची गरज उरत नाही, आणि विहिरीतली ती चूकही टळते.

ग्राफ पेपरवर आडवं प्रमाण २ सेमी = १ एकक घ्या, म्हणजे अर्ध्याच्या तुटी सेंटिमीटरच्या जाड रेघेवर येतात. आधी सगळ्या आडव्या रेघा फिक्या काढा, टोकं तशीच सोडा. मग एकेका तुटीवर थांबून पोकळ वर्तुळं (साधारण २ मिमी) काढा आणि त्यांच्या पोटातली पेन्सिल खोडा; रेघ वर्तुळाच्या कडेला थांबली पाहिजे. भरीव ठिपके सर्वांत शेवटी. प्रत्येक क्ष ला एकच भरीव जागा हवी. उभी पट्टी डावीकडून उजवीकडे सरकवत न्या: कुठेही दोन भरीव जागा एकाखाली एक आल्या, किंवा एकही आली नाही, तर तिथे चूक आहे. आणि पायऱ्यांना उभ्या रेघांनी जोडू नका. फलनाचा आलेख तो. जिन्याचं चित्र नव्हे.

हे सगळं बाजाराच्या हिशोबात आणून बघू. बेळगावच्या पश्चिम भागातली रताळी एपीएमसीत न्यायची आहेत. समजा टेम्पो एका फेरीत २० क्विंटल नेतो आणि फेरीला ८०० रुपये घेतो, अर्धी फेरी झाली तरी भाडं पूर्ण. आणि समजा त्यानं कबूल केलंय की प्रत्येक पूर्ण ५० क्विंटलमागे ३०० रुपये सोडीन. फेऱ्या हे सीलिंग, सूट हा फ्लोअर:

भाडं = ८००⌈क्ष/२०⌉ − ३००⌊क्ष/५०⌋

तुटी २० च्या पटीत सीलिंगच्या, ५० च्या पटीत फ्लोअरच्या. २० क्विंटलपर्यंत ८००. २० च्या पुढे ४० पर्यंत १६००. ४० च्या पुढे ५० च्या अलीकडे २४००. नेमक्या ५० वर सूट लागते: २१००, आणि ६० क्विंटलपर्यंत २१००च. आता या दोन तुकड्यांची टोकं बघा. ४० ते ५० ची रेघ दोन्हीकडून पोकळ आहे. ५० ते ६० ची दोन्हीकडून भरीव. एकट्या ⌊क्ष⌋ च्या किंवा एकट्या ⌈क्ष⌉ च्या आलेखात अशी रेघ कधी सापडणार नाही. आलेख बघूनच ‘इथे दोघं आहेत’ हे ओळखायची ही खूण, आणि सीईटीसारख्या परीक्षेत चार पर्यायांतला आलेख निवडताना ती कामाला येते.

पुढे ६० नंतर ८० पर्यंत २९००, ८० नंतर १०० च्या अलीकडे ३७००. आता १०० क्विंटल. अलीकडे, ९९.५ वर: पाच फेऱ्या, सूट एकदाच, ३७००. तिथे, नेमक्या १०० वर: पाच फेऱ्या, सूट दोनदा, ३४००. पलीकडे, १००.५ वर: सहावी फेरी लागली, ४८०० वजा ६००, म्हणजे ४२००. आलेखात १०० वरचा ठिपका दोन्ही रेघांच्या खाली एकटा पडलेला दिसतो. ज्याला वजन ठरवता येतं तो शेतकरी नेमका इथेच थांबेल: अर्धा क्विंटल कमी नेला तर तीनशे जास्त, अर्धा क्विंटल जास्त नेला तर आठशे. पन्नासवर मात्र सुटा ठिपका नाही, कारण ५० हा २० च्या पटीत येत नाही. तिथे एकटा फ्लोअर हलतो. सुटे ठिपके दोन्ही याद्यांत असलेल्या आकड्यांवरच येऊ शकतात, म्हणजे २० आणि ५० च्या लसाविच्या पटीत: १००, २००, ३००. दर शंभराला भाडं ३४०० नं वाढून नक्षी पुन्हा तीच. कागदावर आडवं १ सेमी = १० क्विंटल, उभं १ सेमी = ५०० रुपये घेतलं तर १२० क्विंटलपर्यंतचं चित्र १२ गुणिले साडेआठ सेंटिमीटरमध्ये बसतं.

एकात एक बसवलेल्या क्रियांचं काय? ⌈⌊क्ष⌋/२⌉ आणि ⌊⌈क्ष⌉/२⌋ दिसायला जुळी भावंडं. आतलं आधी, मग बाहेरचं. क्ष = २.६ घेतला तर पहिल्यात ⌈२/२⌉ = १, दुसऱ्यात ⌊३/२⌋ = १. सारखंच. क्ष = ३ घेतला तर पहिल्यात ⌈३/२⌉ = २, दुसऱ्यात ⌊३/२⌋ = १. दोन्ही आलेखांच्या पायऱ्या त्याच: −१ ते १ वर उंची ०, १ ते ३ वर १, ३ ते ५ वर २. फरक फक्त विषम पूर्णांकांवरच्या ठिपक्यांचा. पहिल्यात डावं टोक भरीव, दुसऱ्यात उजवं. बाहेरून सीलिंग असलेलं फलन फ्लोअरसारखं वागतंय, कारण ठिपका कुणाचा हे आतली क्रिया ठरवते. बाहेरच्या क्रियेपर्यंत क्ष पोचतच नाही, तिच्या हाती आधीच पूर्णांक झालेला आकडा येतो. आत-बाहेर दोन्हीकडे फ्लोअरच असेल तर आतला खुशाल पुसून टाका: ⌊⌊क्ष⌋/२⌋ आणि ⌊क्ष/२⌋ एकच.

आडव्या रेघांऐवजी तिरप्या रेघा येतात त्या क्ष सुटा उरला की. बेळगावातल्या शहापूर-वडगावच्या मागावरचं ४० मीटर कापड, समजा साडीला साडेपाच मीटर: ४० भागिले ५.५ चा फ्लोअर ७, सात साड्या निघाल्या आणि दीड मीटरचा तुकडा उरला. हा उरलेला तुकडा म्हणजे क्ष − ⌊क्ष⌋ या आलेखाचंच रूप: शून्यापासून चढत जाऊन पुढचं पूर्ण माप आलं की परत शून्यावर, करवतीच्या दातांसारखं. मिश्रणात बघण्यासारखं आहे ते क्ष(⌈क्ष⌉ − ⌊क्ष⌋). कंसाची किंमत पूर्णांकावर ०, बाकी सगळीकडे १. म्हणून आलेख म्हणजे य = क्ष ही साधी तिरपी रेषा, तिला प्रत्येक पूर्णांकावर भोक, आणि भोकातला ठिपका खाली किंवा वर क्ष-अक्षावर जाऊन पडलेला. अपवाद शून्याचा. तिथला ठिपका क्ष-अक्षावर जायला निघतो आणि आहे तिथेच बसतो, कारण रेषा शून्यावर अक्षाला छेदतेच. भोक बुजतं. ‘हे फलन कोणत्या पूर्णांकांवर सातत्य राखत नाही’ या प्रश्नाचं उत्तर म्हणून ‘शून्य सोडून सगळ्या’ असं लिहावं लागतं.

चिन्हांच्या बाबतीत एक जोडी नेहमी गोंधळ घालते. ⌊क्ष⌋ + ⌈−क्ष⌉ चा आलेख काढायला सांगितला तर कामाला लागू नका. ⌈−क्ष⌉ म्हणजे −⌊क्ष⌋, सगळीकडे उत्तर शून्य. पण ⌊क्ष⌋ + ⌊−क्ष⌋ शून्य नाही: पूर्णांकावर ०, बाकी सगळीकडे −१. कान कुठे वळलेत ते दोनदा बघावं.

मोबाईलवरच्या आलेख काढणाऱ्या ॲपवर उत्तर ताडून बघणं चांगलंच, पण डोळे उघडे ठेवून. ही ॲप बऱ्याचदा जवळजवळचे बिंदू घेऊन त्यांना जोडत जातात. त्यामुळे पायऱ्यांमधे नसलेली उभी रेघ दिसते, आणि एका बिंदूपुरता असलेला सुटा ठिपका दिसतच नाही. ⌈क्ष⌉ − ⌊क्ष⌋ टाकलं तर उंची १ वर बिनभोकाची रेघ दिसू शकते. ‘तिथे’ची किंमत हवी असेल तर आलेखावर बोट न ठेवता फ(२) असं थेट विचारा.

एक्सेलमध्ये इंट (INT) हे खरं फ्लोअर आहे, −२.३ चं −३ देतं. ट्रंक (TRUNC) नुसता दशांश उडवतं, −२ देतं. पायथन या प्रोग्रॅमिंग भाषेतलं इंट मात्र एक्सेलच्या ट्रंकसारखं, −२ देणारं. तिथे मॅथ मधला फ्लोअरच बोलवावा लागतो. आणि तुटीच्या जागी संगणकाचे दशांश घात करतात. ०.२९ गुणिले १०० पायथनमध्ये २९ येत नाही, २८.९९९९९९९९९९९९९९६ येतं, आणि त्याचा फ्लोअर २८. १.१ गुणिले १०० येतं ११०.०००००००००००००१, त्याचं सीलिंग १११. पूर्णांकाच्या केसभर अलीकडे किंवा पलीकडे पडलेला आकडा इतर फलनांत कुणाच्या लक्षातही येत नाही. इथे त्यानं पूर्ण एक पायरी इकडची तिकडे होते. पैशांचा हिशोब असेल तर रुपयांऐवजी पैशांत, किलोऐवजी ग्रॅममध्ये पूर्णांकच ठेवा आणि भागाकार शेवटी करा.